भिंतीवर जागा पाचच

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात द्वारका येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या पन्नास वर्षांचे गोडवे गावेत असा प्रघात आहे. ते काम माझ्याहून अधिकारी मंडळींनी सकाळच्या सत्रात उत्तम रीतीने पार पाडले. मला कार्यकारिणीने येथे उभे केले आहे ते एक भांडण मिटविण्यासाठी. भांडण मिटेलच अशी ग्वाही मी देऊ शकत नाही. कदाचित वाढेलही. तथापि विषय माझ्या आवडीचा असल्यामुळे मी हे निमंत्रण नाकारू शकलो नाही, हे प्रथमच कबूल करतो.

भांडण काय आहे ते सर्वांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आपल्या वाचनकक्षात पुस्तकांचे कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक भिंत रिकामी आहे. तिच्यावर मुंबई क्रिकेट संघातील निवृत्त खेळाडूंच्या तसबिरी लावाव्यात असा ठराव झाला. ठराव एकमताने झाला, कारण त्यात नावे नव्हती. पुढे चौकटी करणाऱ्या कारागिराने भिंत मोजली आणि पाचाहून अधिक तसबिरी बसणार नाहीत असे सांगितले. त्या क्षणापासून एकमत संपले. तीन सभा झाल्या. एका सभेत तर ज्येष्ठ सभासद चहा न घेता उठून गेले. आपल्या मंडळात याहून गंभीर घटना माझ्या आठवणीत नाही.

योगायोग असा की ज्या वानखेडे स्टेडियमवरील नावांचा दाखला प्रत्येकजण या वादात देतो आहे, ते स्टेडियम आणि आपले मंडळ एकाच वयाचे आहे. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला आणि क्लाइव्ह लॉईड यांनी नाबाद २४२ धावा काढून त्या मैदानाची वास्तुशांत केली. त्याच सुमारास आपले संस्थापक एका सरकारी वसाहतीच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरून पहिली सभा भरवीत होते. तेव्हा या द्वारकेच्या जागी पप्पनकलाँ आणि आसपासच्या गावांची शेते होती. मी त्याच्या आदल्या वर्षी नोकरीनिमित्त दिल्लीत आलो होतो आणि ट्रान्झिस्टर कानाशी धरून मुंबईचे रणजी सामने ऐकण्याखेरीज मला दुसरा विरंगुळा नव्हता.

आता वानखेडेचीच गोष्ट घ्या. मुंबईच्या संघटनेने तेथे वेळोवेळी मान दिला तो अनेकांना. विजय मर्चंट, सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर, दिलीप वेंगसरकर यांची नावे तेथील स्टँडांना दिली गेली. पॉली उम्रीगर आणि विनू मंकड यांच्या नावाने प्रवेशद्वारे झाली. प्रवेशद्वार मोठे की स्टँड मोठा, हा वादही आपल्या दुसऱ्या सभेत निघाला होता. माझ्या मते द्वार मोठे, कारण त्यातून गेल्यावाचून कोणालाच स्टँड गाठता येत नाही. असो. मे २०२५ मध्ये तेथे आणखी तीन नावे लागली: शरद पवार, अजित वाडेकर आणि रोहित शर्मा. या एका समारंभात आपल्या भांडणाचे सर्व प्रश्न एकत्र आले आहेत. पवार हे संघटनेचे आणि पुढे भारतीय व आंतरराष्ट्रीय मंडळांचे अध्यक्ष, म्हणजे प्रशासक. रोहित शर्मा त्याच महिन्यात कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले होते, परंतु एकदिवसीय सामने खेळत होते. वाडेकर १९७१ च्या विजयाचे कर्णधार. त्यांचे १५ ऑगस्ट २०१८ रोजी निधन झाले होते. एकाला मैदानावर असतानाच मान मिळाला, दुसऱ्याला जाऊन सात वर्षे झाल्यावर.

प्रशासकांचा प्रश्न मी लवकर आटोपतो. आपला ठराव खेळाडूंपुरता आहे, त्यामुळे तो येथे उद्भवत नाही. मात्र याच दिल्लीत या प्रश्नावर एका खेळाडूने काय केले ते विसरता कामा नये. कोटला मैदानावर २०१७ साली बिशनसिंग बेदी यांच्या नावाचा स्टँड झाला. २०२० च्या डिसेंबरात तेथे संघटनेच्या एका दिवंगत अध्यक्षांचा पुतळा उभा करण्याचे ठरले, तेव्हा बेदींनी पत्र लिहून आपले नाव स्टँडवरून काढून टाका अशी मागणी केली. क्रीडांगणावर क्रीडापटूंचेच आदर्श असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे मत पटो वा न पटो, मिळालेला मान परत करण्यास निघालेला माणूस मी तरी फारसा पाहिलेला नाही. मान घेण्यासाठी धडपडणारे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांपैकी काही आपल्याच मंडळात आहेत. (हशा.)

रोहित शर्मांविषयी आपल्या तरुण सभासदांचा आग्रह मी समजू शकतो. परंतु आपण लिहिलेला शब्द ‘निवृत्त’ असा आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ साली आपले सन्मानदालन सुरू केले, तेथेही खेळाडू अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना खेळल्यावर पाच वर्षे थांबावे लागते. टाळ्यांचा आवाज विरल्यावर काय उरते ते पाहण्यासाठीच ही मुदत असावी. घाईने लिहिलेल्या फलकाचे उदाहरण कोटलावरच घडले. २०१७ साली वीरेंद्र सेहवाग यांच्या नावाच्या प्रवेशद्वारावरील मजकुरात ते कसोटीत त्रिशतक काढणारे एकमेव भारतीय असल्याचे कोरले गेले. करुण नायर यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, चेन्नईला नाबाद ३०३ धावा काढल्या होत्या! मुलींनी स्मृती मानधना आणि जेमिमा रॉड्रिग्ज यांची नावे पाठविली आहेत. त्यांनाही माझे हेच सांगणे आहे की त्या खेळत आहेत, आनंदाने खेळू द्या.

आता पाच चौकटींकडे वळतो.

गावसकर आणि तेंडुलकर यांच्याविषयी कोणाचाही मतभेद नाही. माझी सूचना एवढीच की त्या दोघांना एकाच चौकटीत बसवावे. दोघांची एकत्र छायाचित्रे हवी तेवढी मिळतील. यात त्यांचा मान कमी होतो असे मला वाटत नाही. त्यांची नावे, त्यांचे पुतळे मुंबईत आहेत. द्वारकेच्या वाचनकक्षात त्यांची तसबीर लागली काय आणि न लागली काय, त्यांच्या कीर्तीत तिळमात्र फरक पडणार नाही. आपल्या मुलांना त्यांचे नाव सांगावे लागत नाही. मुले आपल्यालाच त्यांचे आकडे सांगतात.

दुसरी चौकट माझ्या मते अजित वाडेकरांची. येथे आपले हिशेबनीस सभासद आकड्यांची वही घेऊन उभे राहतात. सदतीस कसोटी, २११३ धावा आणि शतक अवघे एक, १९६८ साली वेलिंग्टनला काढलेले १४३. या आकड्यांवर वाडेकर कोणत्याच दालनात शिरू शकत नाहीत, आणि विजय मर्चंट यांची रणजी स्पर्धेतील सरासरी तर ९८.७५ आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आकडे खरे आहेत. पण निवड समितीचे अध्यक्ष या नात्याने स्वतःचे निर्णायक मत टाकून १९७१ साली वाडेकरांना कर्णधार केले ते याच मर्चंटांनी. ज्यांना बाजूला सारून केले ते पतौडी, म्हणजे आपल्या या शेजारच्या गुरुग्राम जिल्ह्यातल्या पतौडीचे नवाब. आणि त्यांचे श्रेय कमी नाही, परदेशातील पहिली मालिका त्यांनीच १९६८ साली न्यूझीलंडमध्ये जिंकून दिली होती. तरीही वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच घरी, एकाच वर्षात हरविणे ही गोष्ट निराळी होती. ज्यांनी त्या ऑगस्टमध्ये ओव्हलच्या सामन्याचे धावते वर्णन ऐकले आहे त्यांना सरासरीची वही दाखवू नये.

वाडेकरांच्या बाजूने माझे आणखी एक कारण आहे. त्या विजयाचे स्मारक म्हणून इंदूरला काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारली गेली. त्यावर खेळाडूंची नावे. तीन वर्षांनी, १९७४ च्या उन्हाळ्यात, संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला, मालिका ३-० अशी गेली, आणि त्याच बॅटची लोकांनी विटंबना केली. वाडेकर त्याच वर्षी निवृत्त झाले. तेहेतीस वर्षांचे वय. ज्या माणसाला आपण एकदा डोक्यावर घेतले आणि मग त्याच्या नावाला काळे फासले, त्याच्यासाठी भिंतीवर हातभर जागा ठेवणे हे मला ऋण फेडण्यासारखे वाटते.

तिसऱ्या चौकटीपाशी मला थोडा अधिक वेळ द्या. भांडण खरे तेथेच झाले.

पद्माकर शिवलकर. पहिल्या सभेत हे नाव मी उच्चारले तेव्हा मागल्या रांगेतून एका मुलाने विचारले, “काका, ते कोण?” त्याचा दोष नाही. शिवलकर एकही कसोटी सामना खेळले नाहीत. १२४ प्रथमश्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना मद्रासला, तामिळनाडूविरुद्ध झाला. खेळपट्टी अशी की मुंबईचे स्वतःचे डाव १५१ आणि ११३ धावांत संपले. समोर वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. त्या सामन्यात शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडू ८० आणि ६१. सामना तिसऱ्या दिवशी आटोपला आणि मुंबईने सलग पंधराव्यांदा रणजी करंडक उचलला. त्या संघाचे कर्णधार वाडेकरच होते.

अशा गोलंदाजाला भारताकडून खेळता आले नाही याचे कारण एकच, आणि ते कारण दिल्लीचे रहिवासी होते: बिशनसिंग बेदी. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजासाठी संघात जागा एक, आणि त्या जागेवर बेदी. यात अन्याय कोणी केला असे म्हणता येत नाही. बेदी थोर गोलंदाज होते. मी स्वतः १९७९-८० चा रणजी अंतिम सामना कोटलावर पाहिला आहे. दिल्ली विरुद्ध मुंबई. आमच्या कचेरीतील आम्ही सहा मराठी कारकून रजा टाकून मुंबईसाठी ओरडायला गेलो होतो. बेदींच्या दिल्लीने आमच्या संघाला हरविले. परतताना बसमध्ये कोणी बोलेना. मग आमच्यातलाच एकजण म्हणाला की, काही म्हणा, सरदारजी गोलंदाजी करताना पाहणे म्हणजे गाणे ऐकणे आहे, आणि आम्ही सर्वांनी मुकाट्याने माना डोलावल्या. शिवलकर स्वतःही उत्तम गात असत, हे येथे सहज आठवले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘हा चेंडू दैवगतीचा’ असे नाव दिले. त्या नावात सारे आले. ३ मार्च २०२५ रोजी ते गेले.

परंतु बेदींमुळे बाहेर राहिलेले शिवलकर एकटेच नव्हते. दुसरे राजिंदर गोयल. ते आधी दिल्लीसाठी आणि मग हरियाणासाठी खेळले. प्रथमश्रेणीत ७५० बळी, त्यांपैकी ६३७ केवळ रणजी स्पर्धेत. हा रणजीतील विक्रम आहे. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज आणि कसोटी सामने शून्य. १९७४ च्या नोव्हेंबरात बंगळूरच्या कसोटीसाठी बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळले गेले आणि गोयल यांना संघात बोलाविले गेले. तेव्हा तरी ते खेळणार असे सर्वांनी धरले होते. सामन्याच्या सकाळी अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. पुन्हा कधी संधी आली नाही. गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिले, त्यात जगातील नामांकित कसोटीपटूंच्या पंक्तीला त्यांनी शिवलकर आणि गोयल या दोघांनाही बसविले. ज्याने आयुष्यभर दोघांचा चेंडू समोरून पाहिला त्याची ही साक्ष आहे. भारतीय मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तोही एकत्रच.

म्हणून माझी सूचना अशी की तिसऱ्या चौकटीत शिवलकर आणि गोयल हे दोघे असावेत. यावर आक्षेप आला. गोयल मुंबईचे नव्हेत आणि मराठीही नव्हेत. आक्षेप ठरावाच्या शब्दांना धरून आहे, हे मान्य. तरीही मला एक प्रसंग सांगू द्या. २०१३ च्या ऑक्टोबरात सचिन तेंडुलकर आपला अखेरचा रणजी सामना रोहतकजवळच्या लाहलीच्या मैदानावर हरियाणाविरुद्ध खेळले. आपल्या मंडळातून दोन मोटारी भरून मंडळी गेली होती, मीही होतो. पुरणपोळ्यांचा डबा बरोबर होता. सचिनच्या नाबाद ७९ धावांवर मुंबई जिंकली, आपण घोषणा दिल्या, छायाचित्रे काढली आणि रोहतक शहरातून परत आलो. त्या वेळी गोयल त्याच रोहतकमध्ये राहत होते. त्यांच्या घराची चौकशी करावी असे आपल्यापैकी एकालाही सुचले नाही. मला तर सुचायला हवे होते, कारण मोटारीत शिवलकरांच्या गोष्टी मीच सांगत होतो. २०२० च्या जूनमध्ये गोयल वारले तेव्हा वर्तमानपत्रात बातमी वाचून ती वाट मला आठवली. पन्नास वर्षे आपण या मुलखाचे पाणी पितो आहोत. भिंतीवर अर्धी चौकट त्याच्या एका माणसाला दिल्याने ठरावाचा भंग होत असेल तर तो मी करू इच्छितो, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून चौकटीचा खर्च मी देतो.

चौथी चौकट पळवणकर बाळू यांची. हे नाव ऐकून अनेकांनी भुवया उंचावल्या, कारण रणजी स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि बाळूंचा खेळ त्यापूर्वीच संपला होता. मुंबई संघ म्हणून ज्याला आपण ओळखतो त्यात ते नव्हते, हे खरे. ते ज्या संघातून खेळले तो हिंदूंचा संघ. आणि त्या संघात तरी ते पूर्णपणे होते काय? चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखी आणि ग्रेग नावाच्या गोऱ्या फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकी. पुढे हिंदूंनी त्याला खेळायला घेतले, परंतु चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. येथे आपण कुल्हडमधला चहा हौसेने पितो. त्याला मातीचे भांडे का मिळे हे मुलांना सांगताना जड जाते, पण सांगितलेच पाहिजे. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. ज्याला त्याच्या काळात दालनाच्या आत चहा मिळाला नाही, त्याला आपण सन्मानदालनात प्रवेश नाकारायचा तो कोणत्या नियमावर? त्याच्या नावाने रणजी सामन्यांची नोंद नाही या नियमावर?

एव्हाना चतुर श्रोत्यांच्या लक्षात आले असेल की माझे बहुतेक उमेदवार डावखुऱ्या हाताने फिरकी टाकणारे आहेत, आणि वाडेकर फलंदाजीला तरी डावखुरेच. यात पक्षपात नाही असे मी शपथेवर सांगू शकत नाही. कचेरीच्या संघात मीही डाव्या हाताने चेंडू टाकीत असे. तो वळत नसे, हा भाग वेगळा.

पाचव्या चौकटीसाठी माझे मत डायना एदलजी यांना आहे. त्याही, क्षमा करा, डावखुऱ्या फिरकी गोलंदाजच! जन्म मुंबईचा, भारताच्या कर्णधार, वीस कसोटींत ६३ बळी. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये त्यांना प्रवेश नाकारला गेला होता. २०२३ साली आंतरराष्ट्रीय सन्मानदालनात गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांचा बराचसा खेळ रेल्वेच्या संघातून झाला, या कारणावरून त्यांचे नाव बाजूस ठेवावे असे कोणी म्हणाले. त्यावर आपल्या निवृत्त रेल्वे कर्मचारी भगिनींनी जे उत्तर दिले ते मी पुन्हा देत नाही. ते माझ्याहून जोरकस होते. महिला क्रिकेटपटूंना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून एदलजी झटल्या, आणि त्या नोकऱ्यांवर कित्येक मुलींची घरे चालली, एवढेच त्यात जोडतो.

मर्चंट, मंकड, उम्रीगर, नाडकर्णी, सरदेसाई, सोलकर हे राहिले. बापू नाडकर्णींना सोडताना माझा हात थरथरला, हे खरे सांगतो. १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग एकवीस निर्धाव षटके टाकणारा हा नाशिकचा माणूस. त्याच्यासाठी मी खिडकी बुजवायलाही तयार होतो, पण वाचनकक्षात तेवढ्या एकाच बाजूने उजेड येतो.

कारागीर येत्या रविवारी सकाळी दहा वाजता येणार आहे. त्यापूर्वी मतदान घ्यावयाचे तर घ्यावे. शिवलकरांचे एक जुने छायाचित्र मजजवळ आहे, ते मी आज बरोबर आणले आहे. गोयल यांचे मिळालेले नाही. शनिवारी मी रोहतकला जाणार आहे. सकाळी सात वाजता येथील मेट्रो स्थानकापाशी मोटार उभी असेल. तिच्यात तीन जागा रिकाम्या आहेत. मागल्या रांगेतून प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने एक घ्यावी, अशी माझी इच्छा आहे.